निद्रिस्ताची साक्ष

‘आपण स्वप्नात आहोत हे ज्याला उमगले तो त्याच क्षणी जागा झालेला असतो, सबब झोपेत राहून स्वप्न ओळखणे हा वदतोव्याघात होय,’ हा आक्षेप वरवर पाहता बिनतोड वाटतो, आणि निद्रिस्त मनुष्य कोणताही निर्णय करूच शकत नाही असे १९५९ सालच्या आपल्या ग्रंथात प्रतिपादून अमेरिकन तत्त्वज्ञ नॉर्मन माल्कम यांनी त्याला पांडित्याचा भरभक्कम टेकूही दिला. परंतु निजलेल्याची साक्ष नोंदवून घेण्याची सोय तोवर कोणत्याच दफ्तरी नव्हती. ती १९७५ साली इंग्लंडातील हल विद्यापीठात झाली. स्वप्नावस्थेत हातपाय जवळजवळ लुळे पडतात, पण डोळ्यांचे स्नायू त्या बंदीतून मोकळे राहतात, हे हेरून कीथ हर्न यांनी ॲलन वर्स्ली या अभ्यासू गृहस्थाशी आधीच असा ठराव केला, की स्वप्नाची ओळख पटताच त्याने डोळे डावी-उजवीकडे फिरवावेत. आणि मेंदूचा आलेख झोपेचीच ग्वाही देत असता डोळ्यांच्या आलेखावर त्या खुणा उमटल्या. पुढे स्टॅनफर्ड येथे स्टीफन लाबर्ज यांनीही स्वतंत्रपणे हेच सिद्ध केले. आता कागद फाडावयाचा की तर्क तपासावयाचा, याचा निवाडा माल्कमपंथीयांनीच करावा.

आमच्यातील काही अभिमानी मंडळी पतंजलींच्या पहिल्या पादाकडे बोट दाखवून ‘यात नवे ते काय?’ असे विचारतात. तेथे स्वप्नज्ञानाचे आलंबन हा चित्तस्थैर्याचा एक उपाय म्हणून सांगितला आहे खरा. स्वप्न चालू असता ते ओळखावे कसे, याची कृती तेथे नाही.

ती कृती स्मृतीपासून सुरू होते. जाग येताच कूस न बदलता, डोळे न उघडता, हाती लागलेल्या शेवटच्या तुकड्यावरून मागे मागे जावे आणि मगच उशाजवळच्या वहीत टिपण करावे. कारण दिवसाचे पहिले काम मनात शिरले की सारा मुद्देमाल नाहीसा होतो. हर्व्हे द सँ-दनी हा फ्रेंच सरदार पोरवयापासून अशी रोजनिशी ठेवीत असे, आणि त्याच्या १८६७ च्या ग्रंथाचा पाया त्या वह्याच होत. आपल्या स्वप्नांतील नेहमीच्या विसंगती अशा रीतीने परिचयाच्या झाल्या, म्हणजे लाबर्ज यांची पद्धत उपयोगी पडते: पहाटे, स्वप्ने लांबत जातात त्या सुमारास जाग आली असता, नुकतेच पडलेले स्वप्न आठवावे, त्यात आपण ते ओळखले असे कल्पावे, आणि पुढच्या खेपेस हे ध्यानात येईल असा संकल्प करीत पुन्हा निजावे. परतताना वाण्याकडून गूळ आणावयाचा आहे हे लक्षात ठेवण्याच्याच जातीचे हे काम. म्हणून त्याला सिद्धी म्हणणारे मला जितके भाबडे वाटतात, तितकेच हमखास यशाची हमी देऊन शुल्क उकळणारे लबाड वाटतात. ज्यांची झोप मुळातच मोडकी आहे, त्यांनी मात्र पहाटेच्या या उठाठेवीत न पडणेच इष्ट.