बटवा आजीचा, बाजार कोणाचा?

औषधी वनस्पतींना देशभर बाजारपेठ मिळवून द्यायची, असं गेली पंचवीस वर्षं सरकार सांगत आलं आहे. २००० साली राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ स्थापन झालं. २०१४ मध्ये आयुषचं स्वतंत्र मंत्रालय आलं. मे २०२० मध्ये, टाळेबंदी चालू असताना, केंद्रीय अर्थमंत्र्यांनी औषधी वनस्पतींच्या लागवडीसाठी ४००० कोटी रुपये जाहीर केले आणि दोन वर्षांत दहा लाख हेक्टरचं उद्दिष्ट सांगितलं. या बाजाराच्या जाहिरातींत आणि वेष्टनांवर 'आजीबाईचा बटवा' हमखास असतो. पण ज्या बायकांच्या हातून हा बटवा भरतो, त्यांना या बाजारात काय मिळतं, हा प्रश्न कोणी विचारत नाही. तो आपण विचारायला हवा.

हिरड्याचं उदाहरण घेऊ. जुन्नर, आंबेगाव, अकोले या तालुक्यांतल्या आदिवासी घरांना उन्हाळ्यात हिरड्याचा मोठा आधार असतो. त्यातही बाळहिरड्याला, म्हणजे कोवळेपणीच उतरवून वाळवलेल्या फळाला, जास्त भाव असतो. झाडावर चढणारा पुरुष असेल, पण खाली पडलेलं फळ वेचणं, डोक्यावरून घरी आणणं, निवडणं, अंगणात पसरणं, वळवाचा पाऊस आला की धावत जाऊन गोळा करणं हे काम बहुतेक वेळा बाईचं. फळ कधी उतरवायचं, किती उन्हं दाखवायची, बुरशी धरलेलं कसं ओळखायचं, हेही तिला ठाऊक असतं. इतकं सगळं करून तयार झालेल्या मालाला बाजार 'कच्चा माल' म्हणतो! तिचं कौशल्य आणि तिचे दिवस दोन्ही या एका शब्दात पुसले जातात. केंद्राची वनोपजांसाठीची आधारभूत किंमत योजना २०१३-१४ पासून आहे. पण खरेदी केंद्र लांब, पैसे उशिरा आणि घरात आजच मीठ-मिरची हवी, अशा वेळी ती दारात आलेल्या व्यापाऱ्यालाच माल घालते. तराजूही त्याचाच.

हे फक्त हिरड्यापुरतं नाही. औषधी वनस्पती मंडळासाठी भारतीय वनसंशोधन व शिक्षण परिषदेने केलेलं सर्वेक्षण २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यानुसार देशात ११७८ जातींच्या औषधी वनस्पतींचा व्यापार होतो आणि त्यांतल्या २४२ जातींचा खप वर्षाला १०० टनांहून जास्त आहे. या २४२ पैकी बहुतेक जाती अजूनही रानातूनच येतात. सरकारी मदत मात्र प्रामुख्याने लागवडीला. लागवडीचं अनुदान घ्यायचं तर सातबारा लागतो, आणि सातबाऱ्यावर बाईचं नाव किती ठिकाणी असतं, हे आपल्या कार्यकर्त्यांना नव्याने सांगायला नको. रानातून वेचणारी बाई शेतकरी ठरत नाही, कारागीर ठरत नाही, कामगारही ठरत नाही.

आता ज्ञानाचं पाहू. जखमेला हळद लावणं हे घराघरातलं शहाणपण. १९९५ मध्ये अमेरिकेत त्यावर पेटंट दिलं गेलं आणि आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने लढून ते १९९७ मध्ये रद्द करवलं. आपल्याला अभिमान वाटला, तो योग्यच होता. पण तो वाद जिंकला कशाच्या जोरावर? संस्कृत ग्रंथातला उल्लेख आणि १९५३ साली वैद्यकीय नियतकालिकात छापलेला लेख यांसारख्या लिखित पुराव्यांच्या. परदेशातला न लिहिलेला वापर तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात पुरावा म्हणून चालत नव्हता. आपल्या आया-आज्यांनी पिढ्यान् पिढ्या हळद लावली, त्याला तिथे किंमत नव्हती.

हाच भेद आता आपल्या देशातल्या कायद्यातही आला आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने एक चांगलं तत्त्व मानलं होतं: जैविक संपत्तीचा व्यापार करणाऱ्याने ती जपणाऱ्या लोकांना लाभातला रास्त वाटा द्यावा. भारतीय कंपन्यांनाही हे लागू आहे, असा निकाल उत्तराखंड उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये दिव्य फार्मसीच्या खटल्यात दिला. पुढे २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. लागवड केलेल्या औषधी वनस्पती आणि 'संहिताबद्ध' पारंपरिक ज्ञान, म्हणजे ठरावीक प्रमाणग्रंथांत नोंदलेलं ज्ञान, यांना या अटींतून सूट मिळाली. हिरडा, गुळवेल, शतावरी कोणत्या ग्रंथात नाहीत? कंपनीने ग्रंथाकडे बोट दाखवावं आणि वेचणारीचा वाटा बुडावा, अशी पळवाट यातून निघू शकते. ग्रंथ लिहिण्याचा अधिकार कोणाला होता, हेही विसरून चालणार नाही. स्त्रिया आणि शूद्र-अतिशूद्र यांना अक्षरापासून दूर ठेवलं आणि आज अक्षर हाच हक्काचा पुरावा ठरतो आहे.

तोंडी ज्ञानाला मोल देताच येत नाही, असं मात्र नाही. १९८७ मध्ये केरळच्या अगस्त्य डोंगरांत शास्त्रज्ञांना वाट दाखवणाऱ्या काणी आदिवासींनी एका वनस्पतीचा थकवा घालवणारा गुण सांगितला. त्यावरून 'जीवनी' हे औषध तयार झालं. १९९५ मध्ये ते बनवण्याचा परवाना एका कंपनीला १० लाख रुपये आणि विक्रीवर दोन टक्के स्वामित्वधन घेऊन दिला गेला. त्यातला निम्मा वाटा काणी समाजासाठी ठरला आणि १९९७ मध्ये त्यांचा विश्वस्त निधी नोंदला गेला. पुढे पानं गोळा करण्यावरून वनखात्याशी वाद झालेच. तरीही असा वाटा ठरू शकतो, एवढं त्यातून सिद्ध झालं.

या बाजाराच्या दुसऱ्या टोकालाही बाईच उभी आहे, गिऱ्हाईक म्हणून. पाळीच्या तक्रारींसाठी सीताअशोकाच्या सालीचं औषध वर्षानुवर्षं विकलं जातं. मागणीपायी हे झाड संकटात आलं आणि त्याच्या जागी रस्त्याकडेच्या उंच, खोट्या अशोकाची साल मिसळली जाते. म्हणजे रानातलं झाड जातं आणि बाईच्या पोटात भलतंच काही जातं. शिवाय 'मुलगा होण्याचं औषध'सुद्धा जडीबुटीच्या नावानेच खपतं. परंपरेतलं सगळंच आपलं, असं म्हणत आपण डोळे मिटून घेणार नाही. औषध तपासलेलं असावं, त्यात काय आहे ते बाईला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेलं असावं. अंगावर पांढरं जाणाऱ्या, रक्त कमी असणाऱ्या बाईला सरकारी दवाखान्यातले उपचार मिळालेच पाहिजेत. काढ्याची बाटली हा त्याला पर्याय नव्हे.

मग करायचं काय? हत्यारं आपल्याकडे आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला आहे. जैवविविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर समूहाचा हक्कही त्यात मान्य आहे. गडचिरोलीत मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ मध्ये बांबूचा वाहतूक परवाना स्वतःच्या हातात घेतला. जे बांबूचं झालं, ते हिरड्या-गुळवेलीचं का होऊ नये? ग्रामसभेने माल एकत्र करावा, तराजू आपला ठेवावा, आणि पैसे वेचणाऱ्या बाईच्या खात्यावर जमा करावेत.

दुसरं, गावोगावच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्या. २००४ च्या नियमांनी त्यांवर एक-तृतीयांश स्त्रिया असण्याची अट घातली. त्या बायकांना आपण समितीवर आहोत हे तरी माहीत आहे का, ते विचारून बघा. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर जैवविविधता नोंदवह्या घाईघाईने पुऱ्या केल्या गेल्या. आपल्या गावची वही मागून वाचा. त्यात सुईणीशी, वेचणारणीशी कोणी बोललं होतं का? कोणतं ज्ञान लिहायचं आणि कोणतं आपल्यापाशी ठेवायचं, हे ठरवण्याचा अधिकार त्यांचाच हवा. लागवडीच्या मालाला उगमाचा दाखलाही याच समितीच्या नोंदींवरून मिळतो. रानातला माल लागवडीचा म्हणून खपवला जाऊ नये, यासाठी तिथे जाणत्या बायका असल्याच पाहिजेत.

मैत्रिणींनो, बाजाराला आपला विरोध नाही. हातात रोख पैसा आला की घरात बाईचा शब्द थोडा तरी चालतो, हे बचत गटांत आपण पाहिलं आहे. आपलं म्हणणं एवढंच की हा बाजार जिच्या कष्टावर आणि शहाणपणावर उभा राहतो आहे, तिचं नाव, तिची मजुरी आणि तिचा वाटा आधी लिहिला जावा. आपापल्या भागात कोणती वनस्पती वेचली जाते, बाईला किलोमागे काय मिळतं आणि दुकानात तीच काय भावाने विकली जाते, एवढी माहिती पुढच्या अंकापर्यंत आम्हाला जरूर कळवा. जिल्ह्याजिल्ह्यातून आलेले हे आकडे एकत्र मांडले, तर मागणी घेऊन जाताना आपले हात रिकामे असणार नाहीत.