‘पहिल्या नंबरावर आणतो’ म्हणणाऱ्याला पैसे देण्यापूर्वी



पूर्वी मृग जवळ आला की बियाण्यांचे आणि टॉनिकांचे विक्रेते गावोगाव फिरत. आताही फिरतातच, पण त्यांच्या जोडीला एक नवा फोन येऊ लागला आहे. "तुमची नर्सरी गूगलवर शोधली तर सापडत नाही. आम्ही ती पहिल्या नंबरावर आणून देतो. दरमहा इतके हजार. वर्षाचे आगाऊ भरलेत तर सवलत." असे फोन रोपवाटिकावाल्यांना येतात, लाकडी घाणा चालविणाऱ्यांना येतात, कृषी पर्यटन केंद्र, मंगल कार्यालय, ट्रॅक्टर दुरुस्तीचे गॅरेज, कुणालाही येतात. गेल्या काही महिन्यांत पाच-सहा जणांनी मला याविषयी विचारले. खताच्या मात्रेविषयी विचारावे तसेच विचारले, म्हणून उत्तरही त्याच पद्धतीने देतो.

या कामाला एसईओ म्हणतात. गिऱ्हाईक मोबाईलवर ‘जवळची नर्सरी’ किंवा ‘घाण्याचे तेल’ असे काही लिहून शोधते, तेव्हा नकाशावर दोन-चार नावे वर येतात. त्यांत आपले नाव यावे म्हणून करावयाची जी मशागत, तिला स्थानिक एसईओ म्हणावे. मशागत हा शब्द मुद्दाम वापरला आहे. मशागत चांगली झाली तर पीक चांगले येण्याचा संभव वाढतो. पण एकरी इतकी पोती येतीलच असे स्टँपपेपरवर कोणी शहाणा माणूस लिहून देत नाही.

नावांचा क्रम मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतो, हे गूगलने स्वतःच सांगून ठेवले आहे. गिऱ्हाईक जे शोधते आहे त्याच्याशी तुमचा धंदा किती जुळतो, ते जिथे उभे आहे तिथून तुम्ही किती अंतरावर आहात, आणि तुमचे नाव किती माहीत झालेले आहे. यांतले अंतर कोणाच्याच हातात नाही. तुमची नर्सरी बारामतीजवळ असेल तर फलटणच्या चौकात उभ्या असलेल्या माणसाला फलटणची नर्सरी आधी दिसणार, त्याला तुम्ही काय करणार? म्हणून पहिल्या नंबराची हमी देणारा माणूस जे विकत आहे ते त्याच्या दुकानात नाहीच. पैसे भरून हा क्रम विकत मिळत नाही, हेही गूगलच सांगते. नावाच्या वर ‘प्रायोजित’ असे लिहिलेले दिसते ती जाहिरात. तिचे पैसे वेगळे, ते गूगलला जातात आणि पैसे थांबले की ती जाहिरातही थांबते. तुमच्याकडून घेतलेल्या रकमेतले जाहिरातीला किती आणि त्यांच्या मेहनतान्याला किती, हे आधी विचारून घ्यावे. एकाच आकड्यात दोन्ही गुंडाळून सांगणारे पुष्कळ आहेत.

आणखी एक. तुमच्याच गल्ल्यावर बसून, तुमच्याच मोबाईलवर "हे पाहा, पहिला नंबर" असे दाखविले तर भुलू नये. दुकानात उभे राहून शोधल्यावर आपलेच दुकान वर दिसणार. पंधरा किलोमीटरवरच्या पाहुण्यांना फोन करून शोधायला सांगा, आणि दुकानाचे नाव न घालता फक्त ‘टोमॅटोची रोपे’ असे शोधायला सांगा. मग खरे काय ते कळेल.

आता हे काम म्हणजे नेमके काय, ते पाहू. पाया म्हणजे गूगलवरील तुमच्या धंद्याची नोंद. तिला आज ‘बिझनेस प्रोफाइल’ म्हणतात; २०२१ पर्यंत ‘गूगल माय बिझनेस’ असे नाव होते. ही नोंद फुकट आहे. तिची पडताळणीही फुकट आहे. पुष्कळदा पडताळणीसाठी एक सलग व्हिडिओ मागतात. त्यात रस्त्यावरची पाटी, आजूबाजूची खूण, आतला माल आणि धंदा आपल्याच ताब्यात आहे हे दाखविणारे काही, म्हणजे कुलूप उघडणे, परवाना, असे दाखवावे लागते. घरातला बारावीतला मुलगा किंवा मुलगी हे काम एका दुपारी करील. कृषी महाविद्यालयाचे कृषिदूत आणि कृषिकन्या गावात मुक्कामाला असतील तर त्यांना सांगा, आनंदाने करतील.

पैसे घेणाऱ्याने यापुढचे काम केले पाहिजे. धंद्याचा प्रकार अचूक निवडणे, हे पहिले. ‘नर्सरी’ हा शब्द इंग्रजीत लहान मुलांच्या शाळेलाही लावतात, हे लक्षात ठेवावे. फाटकावर खूण अचूक बसविणे, कारण आपल्याकडे ‘मारुती मंदिरामागे, ओढ्याच्या अलीकडे’ हाच पत्ता असतो. हंगामाप्रमाणे वेळ बदलणे, ताजे फोटो, रोपांची यादी, मराठीत माहिती. वेबसाइट असेल तर ती साध्या मोबाईलवर, कमी रेंजमध्ये उघडते की नाही ते पाहणे. इतर ठिकाणी तुमचे नाव, पत्ता, फोन निरनिराळे लिहिलेले असतील तर ते एकसारखे करणे. लोक मराठीत शोधतात, तसेच इंग्रजी अक्षरांत मराठी शब्द लिहूनही शोधतात. याचा विचार झाला आहे का, हे विचारावे. या एका प्रश्नावरून समोरच्याला गावाकडच्या गिऱ्हाइकाची किती माहिती आहे ते कळून येते.

काही जण अजून "गूगलची फुकटची वेबसाइट काढून देतो" असे सांगतात. ती सोय मार्च २०२४ मध्ये बंद झाली.

किती दिवसांत फरक पडतो? चुकीचा फोन किंवा वेळ दुरुस्त केली तर तिचा उपयोग थोड्याच दिवसांत दिसतो. वेबसाइटवरच्या कामाला मात्र बहुतेक वेळा चार महिने ते वर्षभर लागते, असे गूगलचे स्वतःचे सांगणे आहे. म्हणजे हे आंब्याच्या कलमासारखे आहे, मेथीसारखे नाही. एका महिन्यात चमत्कार सांगणाऱ्यावर विश्वास नको, आणि आपणही दुसऱ्या महिन्यातच "काय उपयोग झाला?" म्हणून भांडू नये. पण सहा महिने होऊन काहीच हलले नाही आणि अहवालात नुसते आलेख असतील, तर हात आखडता घ्यावा. नोंदीच्या पानावर किती जणांनी फोन लावला, किती जणांनी रस्ता विचारला, हे आकडे मालकाला फुकट दिसतात. दर महिन्याला ते आपणच वहीत टिपून ठेवावे आणि अहवालाशी ताडून पाहावे.

पैशाचा हिशेब करून दाखवितो. समजा, महिना ६,००० रुपये फी आहे. जीएसटी १८ टक्के धरला तर ७,०८० रुपये झाले. तुमची स्वतःची जीएसटी नोंदणी नसेल तर तो कर परत मिळत नाही, अंगावरच पडतो. भाजीच्या एका रोपामागे खर्च वजा जाता ४० पैसे सुटत असतील तर फी भरून निघायला १७,७०० रोपे जादा विकली गेली पाहिजेत. टोमॅटो ९० बाय ६० सेंटिमीटरवर लावला तर एकरी साधारण ७,५०० रोपे लागतात. म्हणजे अडीच एकरांच्या आत जादा लागण मिळाली तर फी निघाली. लागणीच्या दिवसांत हे अवघड नाही. पण ज्या महिन्यांत तुमचे शेडनेट रिकामे असते, त्या महिन्यांतही तीच फी का द्यायची? हंगामापुरते काम आणि हंगामाबाहेर किरकोळ देखरेख, असा ठराव मागून पाहावा. मागितल्याशिवाय मिळत नाही.

आणि ज्याचा सगळा माल डेअरीला किंवा बाजार समितीत जातो, त्याला याची मुळीच गरज नाही. तसेच ज्याचे गिऱ्हाईक गावातलेच आहे, त्याने हा पैसा पाटी रंगवायला घालावा. हमरस्त्यावरचा धंदा, पुण्या-मुंबईहून माणसे येणारे पर्यटन केंद्र, पाच तालुक्यांतून गिऱ्हाईक येणारी नर्सरी, यांना उपयोग आहे.

सर्वांत जास्त नुकसान कशात होते ते आता सांगतो. आमच्या तालुक्यात एक नवरा-बायको रोपवाटिका चालवितात. हिशेब आणि फोन वहिनींकडे. दोन वर्षांपूर्वी शहरातल्या एका मंडळींनी त्यांची गूगलवरची नोंद काढून दिली, काम बरे केले, गिऱ्हाईकही वाढले. यंदा फी वाढविली, म्हणून यांनी करार थांबविला. जूनमध्ये पाऊस वेळेवर झाला, रोपे तयार, ट्रे भरलेले, आणि फोन येईनात. वहिनी कार्यालयात आल्या. "साहेब, पाऊस झाला की दिवसाला तीस-चाळीस फोन यायचे. आठ दिवसांत चारच आले. रोपे उंच व्हायला लागली." मोबाईलवर पाहिले तर नोंद जागेवर होती, पण तिच्यावरचा फोन यांचा नव्हताच. त्या मंडळींनी स्वतःचा एक नंबर घातला होता. तो फिरून यांच्याकडे येई. करार संपल्यावर तो बंद. नोंदही त्यांच्याच जीमेलवर काढलेली. स्वतःच्या नर्सरीचा फोन बदलायचा, तर यांना अधिकार नाही!

मालकी मागण्याचा अर्ज गूगलच्या पानावरूनच करता येतो. तो केला, त्यांनी उत्तर दिले नाही, मग पडताळणी करून नोंद ताब्यात आली. पण यात लागणीचे दिवस निघून गेले. मिरचीचे बरेच ट्रे उकिरड्यावर गेले. त्या घरात त्या महिन्यात पतसंस्थेचा हप्ता थकला.

म्हणून नोंद आपल्या स्वतःच्या जीमेलवर काढावी. त्यावर प्राथमिक मालक म्हणून आपणच राहावे आणि काम करणाऱ्याला ‘व्यवस्थापक’ एवढाच अधिकार द्यावा. पासवर्ड देण्याची गरज नाही. अधिकार देण्याची सोय नोंदीतच आहे आणि काम थांबले की तो काढून घेता येतो. सातबारा आपल्या नावावर ठेवून जमीन वाट्याने द्यावी, तसे हे आहे. फोन नंबर आपलाच. वेबसाइटचे नाव, ज्याला डोमेन म्हणतात, तेही आपल्या नावावर नोंदवावे आणि त्याची पावती घरात ठेवावी. करार मराठीत, एका पानाचा असावा: कोणती कामे, कोणत्या महिन्यात, जाहिरातीचा खर्च निराळा, काम थांबविल्यावर काय काय परत द्यावयाचे. वर्षाचे आगाऊ पैसे देऊ नयेत. तीन महिन्यांचे पुष्कळ झाले.

दोन फसव्या गोष्टी. पहिली, नावात भर घालणे. पाटीवर नुसते ‘साई नर्सरी’ असेल तर नोंदीतही तेवढेच असावे. ‘साई नर्सरी सर्वोत्तम डाळिंब टोमॅटो रोपे’ असे लांबलचक नाव नियमाबाहेर आहे, आणि तक्रार झाली तर नोंद गोठविली जाऊ शकते. दुसरी, विकतचे अभिप्राय. "पन्नास जणांचे पाच तारे टाकून देतो" म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावावे. एक किलो गूळ देऊन गिऱ्हाइकाकडून पाच तारे लिहून घेणे हेही नियमात बसत नाही. भारतीय मानक ब्युरोनेही ऑनलाइन अभिप्रायांसाठी २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक काढले आहे. रोपे घेऊन गेलेल्या माणसाला पंधरा दिवसांनी फोन करावा, रोपे लागली का विचारावे आणि दोन ओळी लिहायला सांगावे. असे महिन्याला चार अभिप्राय आले तरी चांगले. कोणी वाईट लिहिले तर भांडू नये, शांतपणे उत्तर द्यावे. इतर गिऱ्हाईक ते उत्तरच वाचते.

"गूगलमधून बोलतो, पैसे भरले नाहीत तर उद्या तुमचे दुकान नकाशावरून निघेल," असा फोन आला तर तो खोटा समजावा. ओटीपी सांगू नये. पैसे गेलेच तर क्षणाचाही उशीर न करता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

एका वाचकाने विचारले आहे की, गावातले कृषी सेवा केंद्र हमरस्त्यावर हलविले आहे, तर गूगलवर नवी नोंद करावी काय? नवी करू नये. जुन्या नोंदीतच पत्ता आणि नकाशावरची खूण बदलावी, म्हणजे आजवरचे अभिप्राय तिच्यासोबत राहतात. पुन्हा पडताळणी मागितली तर नव्या दुकानाची पाटी दिसेल असा व्हिडिओ द्यावा. पाटी अजून लावली नसेल तर आधी पाटी लावावी. दुसऱ्या कोणी दरम्यान नवी नोंद काढून ठेवली असेल तर दोन्ही एकत्र करण्याची विनंती गूगलकडे करता येते. परवान्यावरचा पत्ता बदलण्यासाठी मात्र अर्ज वेगळा करावा लागेल. त्याचे कागद घेऊन कृषी कार्यालयात यावे.