दयाधर्म कीं वर्गणी?

अमेरिकेंतील कॅथलिक स्त्रियांच्या संस्थांविषयीं लिहितांना कित्येक विद्वान् ‘दयाधर्म’ हा शब्द वापरतात, आणि तो वापरला कीं विचार करण्याचें काम संपलें असें मानतात. वेदीवरचीं वस्त्रें शिवणाऱ्या, नाताळांत गरिबांस धान्य वाटणाऱ्या सोज्वळ बाया, एवढेंच चित्र ते वाचकांपुढें ठेवितात. अन्नछत्र आणि भिशी यांतील भेद ज्याला कळत नाहीं, त्यानें या विषयावर लेखणी उचलूं नये असें आमचें स्पष्ट मत आहे.

फादर मायकेल मॅकगिव्हनी यांनीं 1882 सालीं न्यू हेवन येथें ‘नाइट्स ऑफ कोलंबस’ ही संस्था काढिली. घरचा कर्ता पुरुष गेला तर त्याच्या बायकामुलांवर उपासमारीची पाळी येऊं नये, हा तिचा एक प्रमुख हेतु होता. उत्तम! परंतु त्या वहींत स्त्रीचें नांव यावयाचें तें पैसे घेणारी विधवा म्हणून. वर्गणी भरणारी सभासद म्हणून नव्हे. जणूं काय घरची बाई मेली तर घराचें कांहीं बुडतच नाहीं!

ही उणीव स्त्रियांनींच भरून काढिली. 1890 सालीं पेनसिल्व्हेनियांतील टायटसव्हिल येथें ‘लेडीज कॅथलिक बेनेव्होलंट असोसिएशन’ निघाली, आणि पुढच्याच वर्षीं शिकागो येथें ‘विमेन्स कॅथलिक ऑर्डर ऑफ फॉरेस्टर्स’. स्त्रियांनीं वर्गणी भरावी, कारभारहि त्यांनींच पाहावा, आणि सभासद मेली तर तिच्या वारसांस ठरलेली रक्कम मिळावी. यांत दया कोठें आली? शिकागोच्या संस्थेचें नेतृत्व 1908 पर्यंत एलिझाबेथ रॉजर्स यांजकडे होतें. याच बाई 1886 सालीं ‘नाइट्स ऑफ लेबर’ या कामगारसंघाच्या शिकागोंतील जिल्हाशाखेच्या प्रमुख होत्या, आणि त्याच वर्षीं रिचमंडच्या अधिवेशनास तान्हें मूल बरोबर घेऊन गेल्या होत्या. अशा स्त्रीस ‘सोज्वळ’ म्हणून वाटेस लावणें हा निव्वळ आळस होय.

1897 सालच्या ‘डॉटर्स ऑफ इझाबेला’ या संस्थेचें नांव मात्र आम्हांस रुचत नाहीं. कोलंबसाच्या नांवानें चाललेल्या पुरुषसंस्थेस जोड म्हणून त्याला आश्रय देणारी राणी निवडली, हें समजण्यासारखें आहे. पण 1492 सालीं यहुद्यांस स्पेनमधून हांकून देणारी राणीहि तीच.

या संस्था स्वधर्मीयांपुरत्या होत्या, असा आक्षेप घेण्यांत येतो. होत्याच. परंतु वर्गणीदारांच्या मंडळीनें वर्गणीदारांसच पैसे द्यावे यांत संकुचितपणा तो कोणता? आक्षेप शोभतो तो दानास. आणि वर्गणीस दान ठरविलें तें आक्षेपकांनींच.

पंडिता रमाबाईंनीं 1889 सालच्या आपल्या प्रवासवृत्तांत अमेरिकन स्त्रियांच्या संघटनांची माहिती मराठी वाचकांस मोठ्या आस्थेनें दिली. वरील संस्था त्यानंतर जन्मल्या. तें प्रकरण ज्यांस पुढें चालवावयाचें असेल, त्यांनीं आधीं वर्गणीच्या वह्या उघडाव्या.