ओझोनचं भोक नाशिकवर नाही

एप्रिल-मे आला की नाशिकच्या पारावर, बांधावर, मेळाव्याच्या मंचावरही एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'ओझोनला भोक पडलंय, म्हणून ऊन असं भाजतंय.' हा समज खोटा आहे, आणि निरुपद्रवी तर मुळीच नाही.

भोक पडलं, हे खरं. 1985 मध्ये अंटार्क्टिकावरचं छिद्र जगासमोर आलं आणि 1987 च्या मॉन्ट्रियल कराराने त्यामागच्या रसायनांना लगाम बसला. पण तेवढ्यावरून नाशिकवरचं छत फाटलं असं ठरत नाही. आपल्या पट्ट्यात ओझोन मुळातच कमी, साधारण 250 ते 280 डॉब्सन एकक. सगळा जमिनीवर आणून पसरला तर थर पुरता तीन मिलिमीटरही भरणार नाही. उष्ण कटिबंधातल्या या साठ्यात गेल्या काही दशकांत ठळक घटही नाही.

खरा चढउतार उत्तरेकडे आहे. ओझोन सर्वाधिक तयार होतो तो विषुववृत्ताकडच्या उन्हात. पण वरचे संथ वारे हिवाळाभर तो ध्रुवाकडे नेतात आणि तिथल्या अंधारात तो न मोडता साचत जातो. म्हणून सायबेरिया-कॅनडावर वसंतात 400 च्या वर गेलेला आकडा शरदापर्यंत 300 च्या आसपास उतरतो. मार्च 2020 मध्ये आर्क्टिकवरचा थंड भोवरा लवकर मोडला नाही, तेव्हा काही भागांत ओझोनचा आकडा 220 च्याही खाली गेला. निफाडच्या उन्हाशी त्याचा संबंध नव्हता. हे आकडे पडताळायला परक्यांच्या तोंडाकडे पाहायला नको. पुण्याच्या हवामान खात्यात डॉब्सन यंत्रावर ओझोन मोजला गेला आहे, आणि फुग्याने वर जाऊन ओझोन मोजणारा भारतीय बनावटीचा ओझोनसाँड हवामानशास्त्रज्ञ ॲना मणींच्या पुढाकाराने घडला.

मग ऊन का भाजतं? मेच्या तिसऱ्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य नाशिकच्या थेट डोक्यावर येतो. किरणांची हवेतली वाट सर्वांत आखूड, वर ओझोन जन्मजात पातळ. निरभ्र दुपारी अतिनील निर्देशांक 11 च्या पुढे, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वांत वरच्या पायरीवर. हे दरसालचं आहे, आणि म्हणूनच त्याची तयारी करता येते. भोकाला दोष दिला की ती तयारीच टळते.

द्राक्षाचे मणी गुलाबी पडू नयेत, म्हणजे पिंक बेरी येऊ नये, म्हणून आपण एकेका घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतो. खरड छाटणीनंतर त्याच बागेत भर उन्हात फुटव्यांची विरळणी करणाऱ्या बायांच्या डोक्यावर मात्र पदराखेरीज काही नसतं. बाजार समितीच्या फलकावर भावाशेजारी त्या दिवसाचा अतिनील निर्देशांक लागावा, आणि मेमध्ये अकरा ते तीन बागेतलं काम बंद राहून मजुरी पूर्ण मिळावी.