वजन किती, ताई?

काही प्रश्न चारचौघांत विचारायचे नसतात. पगार किती, लग्न कधी आणि वजन किती. पालीच्या एका फार्मवरच्या काकांनी रविवारी सकाळी साडेसातला, आठ जणांच्या ग्रुपसमोर, तिसरा प्रश्न विचारला. मी डोळ्याची पापणीही न लववता म्हणाले, "साठ."

खरा आकडा त्र्याहत्तर. पण माझ्या आधी ग्रुपमधल्या बँकवाल्याने 'सत्तर' सांगितलं होतं, आणि ते ऐकून त्याच्या बायकोला ठसका लागला होता. म्हटलं, इथे सवलत चालू आहे.

पाली म्हटल्यावर बल्लाळेश्वर आठवला असेल, तर ती पाली रायगड जिल्ह्यातली. ही आपली वेल्ह्यातली, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातली. सातारा रोडने चेलाडी फाट्यापर्यंत, तिथून नसरापूर, मार्गासनी, साखर. एरवी इथे ट्रेकर मंडळी येतात, कारण राजगडाच्या पाली दरवाजाची पायऱ्यांची वाट इथूनच चढते. आम्हाला गड चढायचा नव्हता. आम्हाला तो खोगिरावर बसून बघायचा होता. (आळशीपणाला आजकाल 'एक्स्पीरियन्स' म्हणतात.)

माझ्या वाट्याला बिजली नावाची तपकिरी घोडी आली. डाव्या बाजूने चढायचं, टाचा खाली, चढावर पुढे झुकायचं, उतारावर मागे आणि पुढच्या घोड्याच्या शेपटीला चिकटायचं नाही. एवढ्या शिदोरीवर आम्ही निघालो. भात कापून झालेला, खाचरांत नुसते धसकटांचे खुंट, आणि समोर राजगड. खालून पाहिलं की पद्मावती माची कडेकोट वाटते आणि संजीवनी माची उजवीकडे लांबच लांब पसरत जाते. मागे तोरणा. सगळे गप्प झाले. आमचा ग्रुप गप्प होणं ही ऐतिहासिक घटनाच.

पहिला अर्धा तास मस्त गेला. मग चढ लागला. बिजली आधी रेंगाळली, मग थांबली. मी प्रोफाइल फोटोसारखी ताठ बसून 'चल, चल' करत राहिले. माझ्या पोटऱ्यांना तिच्या बरगड्या जाणवत होत्या. फुगत होत्या, आत जात होत्या, भराभर. मानेवर फेस आला होता.

काका चालत मागून आले. तंगाखाली बोटं घालून पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, खरं किती?"

मी खरं सांगितलं.

ते रागावले नाहीत, त्यामुळे जास्त वाईट वाटलं. त्यांनी हिशोब मांडला. बिजली साडेतीनशे किलोची. घोड्यावर त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त ओझं नको, म्हणजे सत्तर, आणि त्यातच आठ किलोचं खोगीर. माझ्यासह ते एक्याऐंशी झालं होतं. "ती बोलत न्हाई म्हनून विचारतो आमी," एवढंच म्हणाले.

मी उतरले आणि लगाम धरून तिच्या बाजूने चालू लागले. चालताना काकांनी सांगितलं की ही धनगरांच्या वाड्यातून घेतलेली, भीमथडी जातीची. भीमेच्या थडीवरचं, म्हणजे काठावरचं जनावर म्हणून भीमथडी. मराठ्यांच्या फौजेत हीच काटक, लहानखुरी घोडी होती. नंतर ती मेंढपाळांचं बिऱ्हाड वाहत राहिली, आणि २०२४ मध्ये कुठे देशातली स्वतंत्र जात म्हणून तिची नोंद झाली. मी मात्र तिला माझ्या इगोचं ओझं वाहायला लावलं होतं.

गड चालतानाही तेवढाच सुंदर दिसतो, हेही कळलं. बिजलीने वाटेत एकदा माझ्या खांद्यावर फुरफुर केलं. मी ते माफीपत्र धरलं. काका म्हणाले, तिला गूळ हवाय.

परत आलो तर दुसरी बॅच तयार होती. फार्मच्या पडवीत भाताची पोती मोजायचा काटा होता. मी काकांना विचारून तो अंगणात ओढला आणि सगळ्यांसमोर स्वतः त्यावर उभी राहिले. त्र्याहत्तर पूर्णांक चार. कुणीच हसलं नाही. दुसऱ्या बॅचमधली एक मुलगी पुढे आली, मग तिचा भाऊ, मग रांगच लागली. काका प्रत्येकाला जोखून घोडा देत होते. एका आडदांड मुलाला त्यांनी सरळ सांगितलं, "तू चालत ये बाबा, मी बी चालतोयच."

आमचा बँकवाला लांब उभा राहून मोबाइल बघत होता. त्याची राइड तर होऊन गेली होती. तरी शेवटी आलाच. बूट काढले, पाकीट काढलं, बेल्टही काढला आणि मग काट्यावर चढला.

ब्याण्णव.

"कोणता घोडा होता माझा?" त्याने विचारलं. काकांनी बोट दाखवलं, तसा तो गूळ मागायला आत गेला.