बत्तीस बोअरचा आत्मविश्वास

मंडळी, आज जरा स्फोटक विषय आहे. सोमवारपासून पुन्हा डेडलाइन आहेतच, तोपर्यंत भांडून घेऊ.

"सेफ्टीसाठी घरात एक रिव्हॉल्व्हर असावं" हे वाक्य हल्ली आपल्यासारख्या ईएमआयवाल्या पगारदार लोकांकडूनही ऐकू येतं. लायसन्स मिळवणं सोपं नाही हे ठाऊक असूनही. गंमत अशी की नवा फोन घेताना महिनाभर रिव्ह्यू वाचणारे हेच लोक, .32 म्हणजे नेमकं काय, हे विचारतसुद्धा नाहीत. सरकारी कारखान्याचं आहे, सहा गोळ्या आहेत, झालं!

आधी हे .32 आपल्या वाट्याला आलं कसं ते पाहू. आपल्या शस्त्र नियमांत (सध्याचे 2016 चे) सामान्य नागरिकाला सहसा न मिळणाऱ्या हत्यारांची यादी आहे. सैन्य-पोलिसांचं 9 मिमी काडतूस किंवा .380 आणि .455 ची रिव्हॉल्व्हरची काडतुसं ज्यात बसतात, ती पिस्तुलं नि रिव्हॉल्व्हर त्या यादीत आहेत. म्हणजे हल्लेखोराला थांबवण्यात .32 सरस आहे म्हणून ते आपल्याला मिळालं, असं अजिबात नाही. सैन्याच्या पेटीतली गोळी त्यात बसत नाही म्हणून मिळालं. एका गरजेसाठी लिहिलेलं स्पेसिफिकेशन भलत्याच गरजेला चिकटवलं की काय होतं, हे आयटीवाल्यांना मी सांगायला नको.

आपल्या .32 रिव्हॉल्व्हरमध्ये जे काडतूस जातं, ते .32 स्मिथ अँड वेसन लाँग, 1896 चं. त्याची ऊर्जा ढोबळमानाने दीडशे-पावणेदोनशे ज्यूल. 9 मिमीची याच्या जवळजवळ तिप्पट. पण मी ज्यूलवर अडून बसणार नाही, कारण खरा मुद्दा तो नाहीच.

लोक म्हणतात, "अरे, .22 नेसुद्धा माणूस मरतो!" मरतो ना. 1968 मध्ये रॉबर्ट केनेडींचा जीव .22 नेच घेतला. पण स्वसंरक्षणात मारायचं असतं की थांबवायचं असतं? समोरचा उद्या मरण्याशी तुम्हाला काही देणंघेणं नाही. तो आत्ता, या सेकंदाला थांबायला हवा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

30 मार्च 1981. वॉशिंग्टनमध्ये हिंक्लीने रेगन यांच्यावर .22 च्या स्वस्त रिव्हॉल्व्हरमधून दोनेक सेकंदांत सहा गोळ्या झाडल्या. प्रेस सेक्रेटरी जेम्स ब्रेडी यांच्या डोक्यात गोळी लागली, ते जागीच कोसळले. गाडीवर आपटून उडालेली गोळी रेगन यांच्या फुफ्फुसात शिरली. आपल्याला गोळी लागली आहे हे त्यांना आधी कळलंच नाही, बरगडी मोडली असं वाटलं. हॉस्पिटलच्या दारातून ते स्वतःच्या पायांनी चालत आत गेले आणि मग कोसळले. गोळी हृदयापासून सुमारे एक इंचावर सापडली. ब्रेडी 2014 मध्ये वारले, तेव्हा 33 वर्षांपूर्वीच्या त्या जखमेमुळे त्यांच्या मृत्यूची नोंद हत्या म्हणून झाली. बंदूक तीच, काडतुसं तीच. एक जण तत्काळ आडवा, दुसरा चालता-बोलता. लहान गोळीचा भरवसा हा असा असतो.

मग मोठी गोळी म्हणजे हमी का? तेही नाही. 1986 मध्ये मायामीत एफबीआयची चकमक झाली. 9 मिमीची गोळी छातीत जाऊन हृदयाच्या अलीकडे थांबली, आणि तो गुन्हेगार तशाच अवस्थेत लढत राहिला. दोन एजंट ठार झाले. त्यानंतर एफबीआयने अभ्यास केला. 1989 च्या त्यांच्या अहवालाचा सूर स्पष्ट होता: ऊर्जेचे आकडे विसरा, गोळी पुरेशी खोल जाऊन मर्मस्थानी पोचते का ते पाहा. आणि हृदय निकामी झालं तरी मेंदूत 10 ते 15 सेकंद पुरेल इतका ऑक्सिजन उरतो. पंधरा सेकंद चाकूवाल्याला फार होतात हो!

अमेरिकेतले पोलीस प्रशिक्षक ग्रेग एलिफ्रिट्झ यांनी 2011 मध्ये सुमारे 1,800 गोळीबारांची आकडेवारी मांडली. कितीही गोळ्या लागल्या तरी माणूस थांबला नाही, असं प्रमाण .22 मध्ये 31 टक्के, .32 मध्ये 40 टक्के आणि 9 मिमीमध्ये 13 टक्के. .32 चा नमुना लहान होता, त्यामुळे 40 हा आकडा काही दगडावरची रेघ नाही. पण दिशा कळते.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात चांगला मुद्दा. लहान काडतुसाचा झटका कमी, म्हणून नेम चांगला लागतो. शंभर टक्के मान्य! पण नेम सरावाने येतो. वर्षाला किती काडतुसं घ्यायची हे लायसन्सवर लिहिलेलं असतं, रेंज गावोगावी नाहीत आणि बहुतेकांचं रिव्हॉल्व्हर कपाटात दागिन्यांशेजारी झोपलेलं असतं. दुसरा मुद्दा, "नुसतं पाहूनच चोर पळतो." पळतोही. पण तेव्हा त्याला तुमच्या गोळीने थांबवलेलं नसतं, त्याने स्वतः पळायचं ठरवलेलं असतं. आपल्या जिवाचा निर्णय त्याच्यावर सोडायला सव्वा लाख कशाला?

हो, सव्वा लाखच. दिल्लीच्या 2012 च्या घटनेनंतर, 2014 मध्ये सरकारी कारखान्याने बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' आणलं. .32, सुमारे 500 ग्रॅम, किंमत जवळपास 1 लाख 22 हजार, वर दागिन्यासारखी पेटी. 2023 मध्ये 'प्रबळ' आलं, तेही .32, आणि जाहिरात 50 मीटर पल्ल्याची. 50 मीटरवरच्या माणसावर गोळी झाडणं हे कुठलं स्वसंरक्षण? तेवढ्या अंतरात पळून जाता येतं! मला चीड येते ती याची. काडतूस लहान आहे याची नाही. घाबरलेल्या बाईला ते कवच म्हणून विकलं जातं, याची. त्यातून अत्याचाराच्या बहुसंख्य प्रकरणांत आरोपी ओळखीचाच असतो, हे सरकारी आकडेवारी दरवर्षी सांगते. घरात येऊन चहा पिणाऱ्या माणसावर पर्समधलं रिव्हॉल्व्हर कधी काढणार?

वर कायदा. भारतीय न्याय संहितेची कलमं 34 ते 44 स्वसंरक्षणाचा हक्क देतात, पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि धोका संपला की हक्कही संपला. लहान गोळी लागलेला माणूस आधी तुमच्यावर वार पुरे करणार, आणि तीन तासांनी हॉस्पिटलात मरणार. थांबवायला कमी, मारायला पुरेशी. दोन्हीकडून तोटा तुमचाच.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. नियमित सराव करणार असाल, मर्यादा माहीत असतील, तर खुशाल घ्या. नाहीतर त्या सव्वा लाखात मजबूत दार, चांगलं कुलूप आणि बाहेरचा दिवा लावा, 112 नंबर घरातल्या पोरासोरांना पाठ करून द्या, आणि पळायची वाट दिसली की बेलाशक पळा. कपाटातल्या सहा गोळ्यांच्या भरवशावर दार उघडायला जाणारा माणूस मात्र आधीपेक्षा जास्त धोक्यात असतो.

कॉमेंटमध्ये शिव्या घालायच्या असतील तर घाला, फक्त आकडे घेऊन या!