मोटारीची ‘पिढी’ कोणाच्या रस्त्यावर मोजायची?

१/
इतिहासप्रेमी मंडळींत एक ठरावीक थ्रेड वर्षानुवर्षे फिरतो आहे : ‘भारतीय कुटुंबाची मोटार, पिढ्यानपिढ्या’. अँबॅसडर, पद्मिनी, मारुती ८००, इंडिका. चार छायाचित्रे आणि प्रत्येकाखाली वडिलांच्या आठवणीची एक हळवी ओळ. या चार गाड्यांशी माझे वैर नाही. आक्षेप आहे तो ‘भारतीय कुटुंब’ या शब्दांना. मी सिरोंचाची आहे. आमच्या तालुक्यातही कुटुंबे होती, त्यांनाही लग्नाला, दवाखान्यात आणि कामाला जावे लागे. पण त्यांच्या प्रवासाच्या इतिहासात या चौघींना जेमतेम जागा आहे.

२/
आधी पद्मिनीचे पाहू, कारण महाराष्ट्रात रेखाटन-इतिहास म्हटले की तिचेच नाव पुढे येते. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९५४ मध्ये फियाट ११०० आणली. तिच्या गोलमटोल अंगावरून लोकांनी तिला ‘डुक्कर फियाट’ म्हटले. १९६४ मध्ये कडा काढलेली, मागे लहान पंख असलेली ‘डिलाइट’ आली. १९७४ पासून तीच ‘प्रीमियर पद्मिनी’. इटलीत हे प्रारूप १९६६ मध्ये थांबले. कुर्ल्याचा साचा मात्र शतकाच्या अखेरीपर्यंत चालू राहिला. म्हणजे नावे बदलली, जाळी बदलली, पत्र्याचा सांगाडा तोच. याला आपण कौतुकाने ‘पिढ्या’ म्हणतो.

३/
२०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतील शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची मुदत संपली. वृत्तपत्रांनी पाने दिली. एक तरी टॅक्सी जतन करावी अशी मागणी झाली. आनंद महिंद्रांनीही समाजमाध्यमावर तिला निरोप दिला. गंमत पाहा : ज्या कंपनीच्या गाड्यांनी निम्म्या महाराष्ट्राचे खेडे वाहिले, तिचे अध्यक्ष दुसऱ्याच कारखान्याच्या गाडीसाठी हळहळत होते. त्यांच्या घरच्या वंशावळीतली कमांडर केव्हा रस्त्यावरून गेली, याची तारीख कोणी लिहून ठेवलेली नाही.

४/
सिरोंचा नकाशात शोधा. प्राणहितेच्या काठी, गोदावरीच्या संगमाजवळ. पलीकडे तेलंगणातले कालेश्वर, पूर्वेला इंद्रावती आणि छत्तीसगड. जिल्ह्याचे ठिकाण गडचिरोली सुमारे २०० किलोमीटरवर, तेही अहेरी-आलापल्लीच्या जंगलातून. नद्यांवरचे मोठे पूल अगदी अलीकडचे. त्याआधी नाव हाच मार्ग. आलापल्ली ते सिरोंचा हा रस्ता आज कागदोपत्री राष्ट्रीय महामार्ग ३५३सी आहे. त्यावरून एकदा प्रवास करा आणि मग मला सांगा की मोटारीचे रेखाटन मुख्यतः सौंदर्यदृष्टीतून ठरते.

५/
आमच्या कुटुंबाच्या मोटारीची वंशावळ जीपपासून सुरू होते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच मुंबईत माझगावला विलीज जीपचे सुटे भाग जोडण्याचे काम चालू झाले. (कंपनीचे मूळ नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल झाले. तो स्वतंत्र थ्रेडचा विषय.)

६/
१९५३ ची विलीज सीजे-३बी ही या कुळाची मूळ स्त्री. तिचे बॉनेट विचित्र उंच दिसते. कारण साधे आहे : नवे ‘हरिकेन’ इंजिन आधीच्यापेक्षा उंच होते, आणि ते मावावे म्हणून बॉनेट वर उचलले. गाडी नव्याने रेखाटली नाही, पत्रा तेवढा उंच केला. पुढे भारतात डिझेल इंजिने आली, मूळ इंजिन इतिहासजमा झाले, तरी तो उंचावलेला चेहरा कित्येक वर्षे टिकला. सपाट पत्रे, सरळ कडा, मागे पाट्यांचे स्प्रिंग. पाटा तुटला तर आलापल्लीचा मिस्त्री तो बदलू शकतो, वाकलेला पत्रा हातोडीने सरळ होतो. पद्मिनीच्या वळणदार पत्र्याला तशी सोय नव्हती.

७/
त्यानंतरचा बदल माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा, आणि त्यावर मी एकही लेख पाहिलेला नाही. जीप लांबवली गेली. कमांडरमध्ये मागच्या भागात समोरासमोर दोन बाके आली, वर ताडपत्रीचे छत, चढायला मागून पायरी. सैनिकी वाहन प्रवासी वाहन झाले ते इथे. १९९० च्या दशकात विदर्भात हीच ‘काळी-पिवळी’. पश्चिम महाराष्ट्रात तिच्या बहिणींना ‘वडाप’ म्हणतात. टेंपो ट्रॅक्स आणि १९९४ ची टाटा सुमो या त्याच रस्त्यावरच्या स्पर्धक.

८/
त्या समोरासमोरच्या बाकांवर कोण बसत होते, ते पाहिल्याशिवाय हे रेखाटन कळणार नाही. दर दोन वर्षांनी मेडारमच्या सम्मक्का-सारलम्मा जत्रेला निघालेले अख्खे घर : आजी, तीन सुना, मुले, कोंबडे, गुळाची भेली. मिरची तोडणीच्या हंगामात तेलंगणात निघालेली जोडपी, पायाशी भांड्यांचे बोचके, टपावर अंथरुणे. बाळंतपणाची घाई झालेली एखादी बाई, बाकावर आडवी. चार आसनांच्या मोटारीत बसते ते नवरा, बायको आणि दोन मुले असे कुटुंब. ती आकृती नगरातल्या नोकरदाराच्या घराची आहे आणि आपण ती देशाची म्हणून खपवली.

९/
१९९३ च्या आर्माडाने ताडपत्रीच्या जागी पोलादी छत आणि धड बंद होणारे दरवाजे दिले. बाहेरून किरकोळ वाटणारा बदल. पण ज्याने उन्हाळ्यात अहेरीपर्यंत लाल धूळ खाल्ली आहे त्याला तो क्रांतीच वाटेल. तिच्यातूनच २००० मध्ये बोलेरो निघाली. चेसिस वेगळे, वर सपाट पत्र्याची पेटी, मागे पाटे आणि शेवटी पुन्हा तीच समोरासमोरची आसने. नाशिकच्या कारखान्यातून निघणारी ही चौकोनी गाडी अनेक वर्षे देशातील सर्वाधिक खपाचे युटिलिटी वाहन राहिली. मोटार-समीक्षक तिला ‘कालबाह्य’ म्हणत होते, तेव्हाही.

१०/
आता खऱ्या ‘पिढी’बदलाचे उदाहरण. २००६ च्या अर्थसंकल्पाने लहान मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणले. अट : लांबी ४ मीटरच्या आत, डिझेल इंजिन १५०० घन सेंटीमीटरपर्यंत. बोलेरो ४१०७ मिलिमीटर लांब होती. २०१६ मध्ये ‘पॉवर प्लस’ आली, लांबी ३९९५. बंपर कापून ११२ मिलिमीटर कमी केले. २५२३ चे इंजिन जाऊन १४९३ चे आले. दोन चाकांमधले अंतर तेच राहिले. या गाडीचा नवा चेहरा अर्थखात्याच्या तक्त्यात ठरला, हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करते.

११/
आणि २०२१ ची ‘बोलेरो निओ’? ती २०१५ च्या टीयूव्ही ३०० ची सुधारित आवृत्ती. बोलेरोचे नाव तिला दत्तक मिळाले. ज्यांना माहितीपत्रकातील पिढ्यांवरून इतिहास लिहायचा आहे त्यांनी हे कोडे आधी सोडवावे : नाव मुलीचे, रक्त परक्याचे, आणि जुनी आई शेजारीच विक्रीला उभी.

१२/
मला ठाऊक असलेला पहिला प्रतिवाद : ‘ही कौटुंबिक मोटार नव्हेच, ही तर भाड्याची गाडी.’ बरे. मग पद्मिनी कोणती? तिची सर्वांत प्रसिद्ध प्रतिमा काळ्या-पिवळ्या टॅक्सीचीच आहे. अँबॅसडरही कोलकात्याची टॅक्सी. मुंबईची काळी-पिवळी ‘वारसा’ ठरते आणि आलापल्लीची काळी-पिवळी ‘अवैध प्रवासी वाहतूक’ या बातमीत संपते. भाड्याने धावणे हा दोष असेल तर तो दोघींनाही लावा.

१३/
दुसरा प्रतिवाद अधिक गोड असतो म्हणून अधिक घातक : ‘वा, केवढा हा देशी जुगाड!’ हे कौतुक मला नको आहे. कमांडरच्या बाकावर पट्टा नव्हता. मी शाळेत असताना प्रत्येक खड्ड्याला माझे डोके छताच्या लोखंडी नळीवर आपटे, आणि मी नशीबवान, कारण मी आत बसलेली असे. टपावर आणि मागच्या पायरीवर लटकणारी माणसे कोणत्याही आराखड्यात नव्हती. चालकासाठी हवेची पिशवी भारतात सर्व मोटारींना सक्तीची झाली ती १ जुलै २०१९ पासून, तीही चालकासाठी. ज्या गाडीने आम्हाला दवाखान्यात पोहोचवले तिनेच काहींना तिथे पाठवले. दोन्ही गोष्टी एकाच रेखाटनातून निघतात, आणि इतिहासकाराने त्या एकत्रच मांडायला हव्यात.

१४/
हे सारे आत्ताच लिहिण्याचे कारण साधनांचे आहे. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी संपुष्टात येते. संरक्षण आणि अंतर्गत सुरक्षेची काही वाहने वगळून. धोरण म्हणून मी त्याच्या विरोधात नाही, धूर मीही गिळला आहे. पण वनखात्याच्या, आरोग्य केंद्रांच्या, पंचायत समित्यांच्या जुन्या जीपगाड्या हाच आमचा दस्तऐवज होता. कोणत्या वर्षी बाके बदलली, कोणत्या गाडीला रुग्णवाहिका केले, टपाचे कॅरिअर कुठल्या वेल्डरने वाढवले, हे त्या पत्र्यावरच लिहिलेले होते. तो पत्रा वजनावर जातो आहे. मुंबईत टॅक्सी जपण्याची मागणी झाली, ती रास्तच होती. गडचिरोलीत एका तरी कमांडरसाठी कोणी अर्ज केल्याचे माझ्या कानावर नाही.

१५/
म्हणून एक विनंती. एमएच-३३ किंवा एमएच-३४ क्रमांकाच्या जुन्या जीप, कमांडर, ट्रॅक्स यांची छायाचित्रे तुमच्या घरच्या लग्नाच्या अल्बममध्ये नक्की असतील. नवरदेवामागे, अर्धी कापलेली. ती शोधा, खाली टाका. वर्ष, गाव, आणि आठवत असेल तर गाडीत एकूण किती माणसे होती, तेही लिहा. गाडीचा मागचा भाग दिसत असेल तर फारच उत्तम.